मदत हवी आहे: जुन्या पिनबॉल मशिनच्या बोर्डावर रॅम बदलली, तरी दुसऱ्या फ्लॅशच्या पुढे जात नाही

मंडळी नमस्कार, इथे इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. मी शिकागोजवळ राहतो, पिनबॉलचं हे माहेरच, ती बनवणाऱ्या बॅली, विल्यम्स, गॉटलीब या कंपन्या सगळ्या इथल्याच. माझ्याकडे बॅलीचं 'एट बॉल डिलक्स' आहे, १९८१ चं, आणि ते परत चालू झालेलं मला मनापासून बघायचंय.

मागच्या उभ्या पेटीत जो मेन बोर्ड असतो त्याचा नंबर एएस-२५१८-३५. प्रोसेसर मोटोरोलाचा ६८००. रॅम दोन (यू-७, यू-८ म्हणजे बोर्डावरच्या आयसींच्या जागांचे नंबर), यू-७ ला ६८१० म्हणजे १२८ बाइट आणि यू-८ ला ५१०१, २५६ जागा पण प्रत्येकी चारच बिट. ही दुसरी बॅटरीवर जिवंत राहते, क्रेडिट, हाय स्कोअर, किती गेम झाले वगैरे हिशोब हिच्यात. बोर्डावर मुळात ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियम बॅटरी असते आणि ती म्हातारी झाली की गळते, माझ्या बोर्डावरची आधीच्या मालकाने काढून टाकलेली होती पण कोपऱ्यात हिरवट डाग राहिलेत.

आता प्रॉब्लेम. मशिन चालू केलं की बोर्डावरचा लाल एलईडी आधी बारीकसा फ्लिकर देतो आणि मग सात फ्लॅश द्यायला हवेत, प्रत्येक फ्लॅश म्हणजे एक टेस्ट पास. पहिला रॉमचा, दुसरा यू-७, तिसरा यू-८, चौथा पाचवा दोन पीआयए आयसी (प्रोसेसरला बाहेरच्या भागांशी जोडणारे) म्हणजे यू-१० आणि यू-११, मग सहावा डिस्प्लेच्या इंटरप्टचा आणि सातवा झिरो क्रॉसिंगचा, म्हणजे एसी व्होल्टेज शून्यातून जाण्याच्या क्षणाचा. माझं मशिन कधी सात देऊन चालू व्हायचं पण हाय स्कोअरच्या जागी काहीतरी भलतेच आकडे, कधी दोन देऊन थांबायचं, आणि शेवटी दोनवरच अडकलं. म्हणून यू-८ बदलला. जुन्याचे पाय कटरने कापले, एकेक पाय गरम करून काढला, सॉकेट लावलं, नवीन ५१०१ बसवला. तरीही फ्लिकर, दोन फ्लॅश, आणि शांत.

बोर्ड सध्या टेबलावर काढून ठेवलाय, पाच आणि बारा व्होल्ट बाहेरून देतोय. पाचाची लाइन बरोबर आहे, यू-८ च्या २२ नंबर पायावर साडेचारच्या आसपास मिळतं, मधे डायोड आहे त्यामुळे तेवढं कमी असणारच. पाय ८ ग्राउंडला नीट आहे. आयसी उलटा नाही, खाच बघून बसवलाय. दुसरा आयसी मागवू की बोर्डातच काही बघू? विकणाऱ्याने नवा म्हणून दिलाय पण हा माल आता कोणी बनवत नाही, त्यामुळे शंका येते.

प्रतिसाद, सोल्डरगन:
आयसीवर शंका घेणं बरोबरच आहे, जुने काढलेले आयसी पुसून नवीन म्हणून विकतात. पण स्पीडची काळजी करू नका, या बोर्डाचा क्लॉक जेमतेम अर्धा मेगाहर्ट्झ आहे, ४५० नॅनोसेकंदवाला पण आरामात चालतो. मागवायच्या आधी पाय १७ बघा. ५१०१ ला दोन चिप इनेबल असतात, १९ वरची लो लागते आणि १७ वरची हाय. १७ लो राहिला तर आयसी नुसता डेटा सांभाळून बसतो, वाचू देत नाही नि लिहूही देत नाही. गळलेल्या बॅटरीवाल्या बोर्डात मी आधी हेच बघतो.

धागाकर्ता:
धन्यवाद. पाय १७ वर चालू असताना व्यवस्थित हाय मिळतंय. पाय १९ मीटरवर नीट कळत नाही, ती बदलती लाइन आहे आणि माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही.

प्रतिसाद, निवृत्त टीव्हीवाला:
अरे बाळा, मी पिनबॉल बघितलेलं नाही पण डिप्लोमाच्या पोरांना ८०८५ च्या किटवर बरीच वर्षं शिकवलंय, तेव्हा सांगतो. तुझा यू-७ पास होतोय ना? मग त्याचा उपयोग करून घे. त्याला आठही डेटा लाइन लागतात, म्हणजे प्रोसेसरपासून यू-७ पर्यंत डेटा बस ठणठणीत आहे हे बोर्डच तुला सांगतोय. आता भानगड फक्त यू-७ ते यू-८ या टप्प्यात किंवा यू-८ ला निवडणाऱ्या सिलेक्टच्या गेटमधे. पॉवर काढ, दोन्ही आयसी सॉकेटमधून उचल, मीटर कंटिन्युइटीवर लाव, दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो. ६८१० चे डेटा पाय २ ते ९. ५१०१ ला आत जायचे आणि बाहेर यायचे डेटा पाय वेगवेगळे असतात, जोड्या अशा, ९ आणि १०, ११ आणि १२, १३ आणि १४, १५ आणि १६. एकाच बसवर लावताना प्रत्येक जोडी बोर्डावर एकमेकांना जोडलेली असते. प्रत्येक जोडीतले दोन्ही पाय वेगळे तपास, एक वाजला म्हणून दुसरा गृहीत धरू नकोस. आणि प्रोब सॉकेटच्या आत घाल, खालच्या सोल्डरवर नाही.

धागाकर्ता:
काका, सापडलं! बाकी सगळे वाजले, १३ वाजला, १४ गप्प. म्हणजे तिसरा बिट लिहिला जात होता आणि परत वाचताना मिळत नव्हता. सॉकेटच्या पायाला खालून सोल्डर चकचकीत आहे, पण भिंग घेऊन तिरकं बघितलं तर वरच्या बाजूला, सॉकेटच्या कडेखाली, पॅडभोवती केसाएवढी काळी रेघ दिसते. भोकाच्या आतला तांब्याचा थर वरच्या ट्रॅकपासून सुटलाय. तिथे आसपास फ्लक्सचे जुने पिवळे डाग आहेत, म्हणजे पूर्वी कधीतरी कोणीतरी या भागात काम केलेलं असणार.

प्रतिसाद, सोल्डरगन:
मग सॉकेट परत उपटू नका, बाकीची भोकं जातील. १३ आणि १४ शेजारीच आहेत, खालच्या बाजूने बारीक वायरचा जंपर मारा. १२ आणि १५ ला शॉर्ट नाही ना तेवढं मीटरने बघून मगच पॉवर द्या.

धागाकर्ता:
जंपर मारला. टेबलावर फ्लिकर आणि सहा फ्लॅश! सातवा नाही.

प्रतिसाद, सोल्डरगन:
टेबलावर सातवा येणारच नाही, त्याला सोलेनॉइडच्या (फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या कॉइलच्या) लाइनचे ४३ व्होल्ट लागतात. बोर्ड मशिनमधे लावा. मेन प्लग काढूनच हात घाला, त्या पेटीत डिस्प्लेसाठी १९० व्होल्ट डीसी फिरत असतं आणि स्विच बंद केल्यावर पण थोडा वेळ राहतं.

धागाकर्ता:
सात आले! आणि मशिन बोललं, आवाजाचा बोर्डही शाबूत आहे. क्रेडिट मात्र भलतीच दाखवतंय आणि हाय स्कोअरला कचरा आहे, नवीन रॅममधे काहीही असणार हे समजतं पण फॅक्टरी रिसेट कुठे सापडत नाही.

प्रतिसाद, सोल्डरगन:
या जमान्याच्या बॅलीला तसा एकच रिसेट नसतो. समोरच्या नाण्यांच्या दाराच्या आतल्या बटणाने सेल्फ टेस्टमधे जा, दिवे, डिस्प्ले वगैरेच्या टेस्ट संपल्या की हिशोबाचे आकडे एकेक करून येतात, प्रत्येकावर थांबून मेन बोर्डावरचं एस-३३ बटण दाबलं की तो शून्य होतो. सगळे करा, कंटाळू नका. हाय स्कोअरचे टप्पे क्रेडिटच्या बटणाने वर नेता येतात. आणि बॅटरीचं काय ठरलं? लिथियम सेल लावणार असाल तर सिरीजमधे डायोड हवाच, कारण हा बोर्ड मूळ बॅटरीला चार्ज करतो आणि लिथियमला चार्जिंग दिलं तर तो फुगतो, फुटतोसुद्धा.

धागाकर्ता:
सेल डायोडसकट लावणार, आणि बोर्डावर नाही, लांब वायर काढून पेटीच्या तळाशी, म्हणजे पुढे कधी गळला तरी ट्रॅकवर काही सांडणार नाही. हिरवट कोपरा आधी व्हिनेगरने पुसून, मग पाण्याने धुवून नीट वाळवतो. काका, जोडीतले दोन्ही पाय वेगळे तपास हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी नक्की दुसरा आयसी मागवला असता. मनापासून आभार. ज्यांना रॅम बदलूनही तिसरा फ्लॅश मिळत नाही त्यांनी आधी यू-७ च्या २ ते ९ पासून यू-८ च्या ९ ते १६ पर्यंत वाजवून बघा, पाहिजे तर यू-८ च्या सॉकेटचे भिंगातून काढलेले फोटो टाकतो.