मदत हवी आहे: पखवाजाची पुडी आणि हार्मोनियम (लातूर-नांदेड-परभणी)

काकू वारल्यापासून मंडळातले पखवाजी काका घरातलं एकेक वाद्य काढून दुरुस्त करत बसतात. हात गुंतले की जीव रमतो, म्हणून काम अडू द्यायचं नाही.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर (तोंडावरच्या कातड्यावर) वाजवताना लावलेली कणीक तशीच वाळली. कातडं कडक होऊन काठाशी चीर गेलीय. पुडी बदलावीच लागेल ना? उजवी शाबूत आहे, पण गट्टे (सूर जुळवायचे लाकडी ठोकळे) ठोकूनही एका घराचा, म्हणजे काठाच्या एका भागाचा, सूर उतरतो. वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) सैलावली असावी.

हार्मोनियमचा एक सूर मुका आहे. रीडखालून (सूर देणाऱ्या धातूच्या पट्टीखालून) पातळ कागद सरकवून धूळ काढलीय. घासायचं धाडस नको, टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी उतरतो.

पुडी भरून देणारा जवळपासचा कारागीर सुचवा. काकांना शेजारी बसवून शिकवणारा असेल तर फारच बरं.