ऑर्डर ते पोच: वेळ नेमका कोठून कोठपर्यंत मोजावा?

प्रश्न
डिचोली तालुक्यात आमचा काजूगर तयार करण्याचा छोटा कारखाना असून माल पणजी, मडगाव आणि बेळगावच्या व्यापाऱ्यांकडे जातो. ऑर्डर आल्यापासून माल पोचेपर्यंत सरासरी ६ दिवस लागतात, असे आमच्या नोंदी सांगतात. तरीही उशिराच्या तक्रारी थांबत नाहीत. सोलाईला माणसे वाढवण्याचा विचार आहे. त्याआधी काय मोजून पाहावे?

प्रतिसाद १
आधी आपली नोंद कोठून सुरू होते ते तपासावे: व्यापाऱ्याचा व्हॉट्सॲप संदेश येतो तेव्हापासून, की ऑर्डर टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढते तेव्हापासून? व्यापारी दिवस मोजतो ते संदेशापासूनच. त्यानंतर प्रत्येक लॉटबरोबर एक चिठ्ठी फिरवून उकडणे, फोडणे, भट्टीत वाळवणे, सोलणे, प्रतवारी आणि पॅकिंग या टप्प्यांवर काम हाती घेतल्याची व संपल्याची वेळ लिहावी. दोन टप्प्यांमध्ये माल नुसता पडून असतो तो काळ बहुधा प्रत्यक्ष कामापेक्षा मोठा निघतो. काजूत तो दुप्पट महाग पडतो, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात भट्टीतून काढलेला गर उघडा राहिला की पुन्हा ओल धरतो, साल सहज सुटत नाही आणि सोलाईच लांबते.

प्रतिसाद २
सरासरीवर विसंबू नये. समजा, १० पैकी ८ ऑर्डरी ४ दिवसांत पोचल्या आणि दोहोंना १४ दिवस लागले, तरी सरासरी ६ दिवसच येते. त्या दोन ऑर्डरी कोणत्या प्रतीच्या आणि कोणत्या मार्गाच्या होत्या, हे शोधणे महत्त्वाचे.
जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियमही येथे उपयोगी आहे: कारखान्यात अडकलेला माल म्हणजे रोज बाहेर पडणारा माल गुणिले लागणारे दिवस. आत १,२०० किलो असेल आणि रोज २०० किलो निघत असेल, तर ६ दिवस लागणारच. सोलाईला झेपेल तेवढीच बी फोडायला घेतली, तर माणसे न वाढवताही दिवस कमी होतील.

प्रतिसाद ३
कच्ची बी मार्च ते मे या हंगामातच घ्यावी लागते, म्हणून गोदामातले महिने या हिशेबात मिसळू नयेत. ते पैशाच्या चक्रात धरावेत: साठ्याचे दिवस अधिक वसुलीचे दिवस, वजा आपण देणे थकवतो ते दिवस. बागायतदाराला रोख द्यावे लागत असल्याने वजा करायला फारसे काही उरत नाही. वसुलीवरच जोर द्यावा लागतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून आपली नोंदणी असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे.