टोळीवरच्या पेशंटचे रिपोर्ट दुसऱ्या दवाखान्याला कसे दिसतील?

वाळव्याची_नर्स:
ऊसतोडीच्या टोळ्यांवर आमचा फिरता दवाखाना जातो, विमा-बिमा कुणाकडंच नाही. काल एक बाई आली, शुगरच्या गोळ्यांची रिकामी पट्टी पदराला बांधलेली, मिरजेत दाखवलंय म्हणते पण कागद गावाकडं राहिला, मग परत तपासणी परत खर्च. आभानं, म्हणजे त्या सरकारी हेल्थ आयडीनं, काही जमतं का?

मिरजकर:
जमतं, पण दोन्हीकडचं सॉफ्टवेअर जोडलेलं पाहिजे. रेकॉर्ड ज्या त्या दवाखान्यातच राहतं, पेशंटनं फोनवरून संमती दिली की तुम्हाला दिसतं. आणि आभा म्हणजे विमा नव्हे, नुसता १४ आकडी नंबर, लोक आयुष्मान कार्डाशी गल्लत करतात.

वाळव्याची_नर्स:
अहो पण ओटीपी मुकादमाच्या फोनवर जातो!

कऱ्हाडचा_पोरगा:
तिथंच घोडं अडतं ताई. तोवर गोळ्या नि डोस लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, आम्ही तेच करतो.