सोलापुरात राहून समकालीन आणि डिजिटल कलेच्या क्युरेशनकडे कसे वळावे?

नक्षीवाली

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, वय २७. जी. डी. आर्ट ही कलेची शासकीय पदविका पूर्ण केल्यानंतर गेली चार वर्षे एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन विभागात संगणकावर नक्षी तयार करण्याचे काम करते. स्वतः चित्र काढण्यापेक्षा कोणाचे काम कोणाच्या शेजारी आणि कोणत्या क्रमाने मांडावे, याचा विचार करण्यात, म्हणजेच क्युरेशनमध्ये, माझे मन अधिक रमते, हे अलीकडे लक्षात आले आहे. त्यातही व्हिडिओ, ध्वनी आणि संगणकावर घडणारी कला मला जवळची वाटते. या क्षेत्रात वेगळ्या पदवीशिवाय कोणी उभे करते का? नोकरी सोडून मुंबई किंवा बडोदा गाठणे अपरिहार्य आहे का? वडिलांना 'क्युरेटर' म्हणजे काय ते अजून समजावता आलेले नाही. शासकीय कोशातला 'अभिरक्षक' हा शब्द सांगितला, तर त्यांना ती वन खात्यातली नोकरी वाटली.

भायखळा_लोकल

मी मुंबईतील एका कलादालनात सहा वर्षे सहायक होतो, म्हणून आधी शिक्षणाविषयी लिहितो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक व समकालीन भारतीय कलेचा इतिहास आणि क्युरेशन या विषयाची पदव्युत्तर पदविका चालवलेली आहे. यंदाच्या प्रवेशांची चौकशी तिथेच थेट करावी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील म्युझिऑलॉजीचे (संग्रहालयशास्त्राचे) शिक्षण नोंदणी, जतन आणि संग्रहालयाचा कारभार यांकडे अधिक झुकणारे आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा १९५० पासून आणि म्युझिऑलॉजी विभाग १९५२ पासून आहे, आणि कलेचा इतिहास मुळापासून शिकायचा असेल तर माझ्या मते तेच ठिकाण सर्वांत योग्य. पदवीमुळे नोकरी मिळते असे मी म्हणणार नाही. वाचनाला शिस्त लागते आणि चार सहाध्यायी मिळतात. पुढची कामे बहुतेक त्या चौघांमुळेच येतात.

आपण चित्रकलेच्या आहोत, कलेतिहासाच्या नाही, याचा न्यूनगंड मात्र बाळगू नका. डिसेंबर २०१२ मध्ये पहिले कोची-मुझिरिस बिनाले (दर दोन वर्षांनी भरवायचे समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन) भरले, तेव्हा ते उभे करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही कलावंतच होते, आणि पुढे जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे हे त्याचे क्युरेटरही कलावंतांमधूनच आले. त्याच्या जोडीने भरणाऱ्या स्टुडंट्स बिनालेसाठी तरुण क्युरेटर निवडले जातात, जे ठिकठिकाणच्या कला महाविद्यालयांत फिरून विद्यार्थ्यांची कामे शोधतात. दिल्लीची 'खोज' ही संस्था आणि बंगळुरूचे 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' यांच्या अनुदानांच्या आणि उपक्रमांच्या घोषणांवरही लक्ष ठेवावे.

पेठेतला_मास्तर

वरील माहिती बरोबर आहे; क्रम मात्र मला पटत नाही. यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज केला, तरी 'आजवर काय मांडले?' हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर सोलापुरात तयार करता येते. (हल्ली हॉटेलवालेसुद्धा थाळी 'क्युरेट' करतात, तेव्हा नुसत्या शब्दाला कोणी भुलत नाही.)

आपण जिथे राहता, तिथे डिजिटल कलेचा पणजोबा घराघरांत खडखडत असे. चादरीची नक्षी मागावरच्या ज्या जेकार्ड यंत्रणेवर उतरते, त्यात पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही, इतकीच त्याची भाषा. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार याने ही रचना सिद्ध केली आणि १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तीच कार्डे योजली. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण ती सांगणाऱ्याच्या गल्लीत अशी कार्डे पोत्यांत भरून माळ्यावर पडलेली नसतात. आपल्या गल्लीत पडलेली आहेत, आणि आज त्याच नक्षीची फाइल आपण स्वतः संगणकावर तयार करता. या विषयाकडे गंभीरपणे पाहणारे दोन-तीन कलावंत गाठावेत, एखादी बंद पडलेली मागाची खोली दहा-बारा दिवसांसाठी मिळवावी आणि प्रदर्शन करावे. भिंतीवरचा मजकूर मराठीबरोबर तेलुगूतही हवा, कारण ज्यांच्या हातांनी ही कार्डे यंत्रावर चढवली त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची भाषा तीच आहे. तो मजकूर त्यांनाच वाचता आला नाही, तर निवड चुकली असे समजावे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मात्र उद्घाटन ठेवू नये, तेव्हा सारे शहर होम मैदानावर असते.

पाहणेही चालू ठेवावे. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून पुण्यातील प्रदर्शने पाहून रात्री घरी परतता येते. प्रत्येक प्रदर्शनावर एक पान लिहावे आणि त्यात आवडले-नावडले याऐवजी, दोन कामांमध्ये मोकळी भिंत का सोडली असेल, यावर लिहावे.

तार_आणि_प्लग

मी प्रदर्शनांची तांत्रिक जोडणी करतो, म्हणून जमिनीवरचे थोडे सांगतो. एका शहरातील सभागृहात मी पहिल्यांदा व्हिडिओ कलाकृती लावली, तेव्हा भाड्याचा टीव्ही रोज दुपारी दोनच्या सुमारास बंद पडत असे. चार तास रिमोटला हात लागला नाही की आपोआप बंद होण्याची त्याची सोय सेटिंगमध्ये चालू राहिली होती, आणि हे मला पाचव्या दिवशी कळले. तोवर अभिप्राय वहीत कोणीतरी 'काळा पडदा अंतर्मुख करणारा वाटला' असे लिहून गेले होते.

डिजिटल कलेचा क्युरेटर निम्मा वेळ अशाच कामांत घालवतो, आणि ती हलकी समजू नयेत. कलावंताकडून मूळ फाइल आणि प्रदर्शनाची प्रत वेगवेगळी घ्यावी. पडदा केवढा, आवाज किती, व्हिडिओ अखंड फिरवायचा की दोन फेऱ्यांमध्ये अंधार ठेवायचा, हे लेखी घ्यावे. आणि प्रदर्शन संपल्यावर ती प्रत परत करायची की पुसायची, तेही करारात असावे. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ च्या सुमारास केलेल्या एका लघुपटाची एकमेव प्रत दिल्लीच्या प्रदर्शनासाठी पाठवली गेली आणि कायमची हरवली. फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या जुन्या संगणक-प्रणालीत घडवलेल्या कलाकृतींचे दुखणे निराळे आहे: अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या प्रणालीचा आधार काढून घेतला, आणि फाइल शाबूत असूनही त्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. असे जतन कसे केले जाते हे पाहायचे असेल, तर न्यूयॉर्कच्या 'ऱ्हायझोम' या संस्थेचा ऑनलाइन संग्रह चाळावा, तसेच मुंबईतील 'कॅम्प' या कलावंत गटाचा ज्यात मोठा वाटा आहे तो 'पॅड.मा' हा व्हिडिओ-संग्रहही.

भायखळा_लोकल

मास्तरांचा मुद्दा मान्य आहे, फक्त एक भर घालतो. पहिलेच प्रदर्शन म्हणून फुकट राबू नका आणि कलावंतांनाही राबवू नका. अंदाजपत्रकात भाडे, छपाई आणि वीज यांच्याबरोबर कलावंताचे मानधन आणि स्वतःचे मानधन हे रकाने असू द्यावेत. रक्कम लहान असली तरी रकाना कोरा ठेवू नये, कारण पुढे अनुदानासाठी अर्ज करताना हाच कागद सोबत जोडता येतो.

नक्षीवाली

सर्वांचे आभार. नोकरी तूर्त सोडत नाही. काल वडिलांना घेऊन चुलत्यांच्या माळ्यावर गेले होते. कार्डांचे सात गठ्ठे निघाले. दोऱ्याने एकमेकांना शिवलेले, तेलकट आणि दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेले. वडिलांनी एक पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरली, भोकांवरून बोट फिरवले आणि हा मोराच्या चादरीचा काठ आहे, असे न अडखळता सांगितले. मी ते फोनवर चित्रित करून ठेवले आहे. एका गठ्ठ्याचा दोरा कुजला आहे; तो बदलून घ्यावा, की कार्डे सुटी करून स्कॅन करावीत?

तार_आणि_प्लग

अजून कात्री लावू नका. आधी प्रत्येक कार्डाच्या मागे मऊ पेन्सिलीने अनुक्रमांक घाला आणि पूर्ण पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. क्रम विस्कटला तर मोर परत जुळणार नाही. कुजका दोराही फेकू नका, पाकिटात घालून त्यावर त्याच गठ्ठ्याचा क्रमांक लिहा. वडील ओळखतात ती नक्षी त्यांच्याच शब्दांत प्रत्येक गठ्ठ्याच्या नोंदीत उतरवून घ्या.