मदत हवी आहे: ईईजीवरून चित्र ओळखायचंय, पुण्यात यंत्र कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माणूस कोणतं चित्र बघतोय, हे ईईजीच्या (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या) नोंदींवरून ओळखायचा प्रकल्प घेतलाय. ‘थिंग्ज’ या वस्तूंच्या चित्रसंचावर इतरांनी घेतलेल्या तयार ईईजी नोंदींवर (10 माणसं, 16,740 चित्रं) मॉडेल बरं चाललंय, आता स्वतःच्या नोंदी घ्यायच्यात.

सर म्हणतात, आधी सगळी कुत्री दाखव, मग सगळ्या खुर्च्या. पण मग मॉडेल चित्राऐवजी वेळेबरोबर सरकणारा सिग्नलच शिकेल ना? 2017 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधावर हाच आक्षेप आला होता. सरांना कसं पटवू?

आणि 32 चॅनेलचं यंत्र भाड्याने कोण देईल? पाषाण-औंधकडे असेल तर सोन्याहून पिवळं. दाट केसांवर कोरडे इलेक्ट्रोड चालतात का, की जेलच लावावं? एफएमआरआय (मेंदूचं महागडं स्कॅनिंग) कृपया सुचवू नका, खिसा विद्यार्थ्याचा आहे.