मदत हवी आहे: पोस्टफिक्स चालू दिसतं, पण पोर्ट २५ गप्प!

राजेहो, डोकं पिकलं आहे. सीताबर्डीत आमच्या छोट्या ऑफिसात उबुंटूचा (लिनक्सचा) सर्व्हर आहे; मेलची ने-आण त्यावरचा पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम करतो आणि मेल पोर्ट २५ या दारातून आत येते. लाइन (वीज) गेली, परत आली, की मेल बंद. सिस्टमसीटीएल (सेवा चालू-बंद दाखवणारी कमांड) 'अ‍ॅक्टिव्ह, एक्झिटेड' दाखवतं. त्या हिरव्या अक्षरांना मी तासभर फसलो. एसएस (कोणते पोर्ट उघडे ते दाखवणारी कमांड) मारून पाहिलं तर २५ वर कुणीच ऐकत नाही. लॉगमध्ये एकच ओळ: 'नो लोकल इंटरफेस फाउंड फॉर १९२.१६८.१.१०'. मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये इनेट इंटरफेसेसला (कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग) हाच पत्ता दिला आहे. हातानं रीस्टार्ट केलं की लगेच सुरू होतं. म्हणजे नेटवर्क उठायच्या आधीच पोस्टफिक्स धावतं ना? मग पत्त्याऐवजी 'ऑल' (म्हणजे सगळे पत्ते) लिहून फायरवॉलवर भिस्त ठेवू, की पोस्टफिक्सला नेटवर्क-ऑनलाइनची (नेटवर्क पूर्ण उठल्याची खूण) वाट पाहायला लावू? आणि तो बदल 'पोस्टफिक्स' युनिटमध्ये (सेवा कशी सुरू करायची ते सांगणारी फाइल) करायचा की '@' वाल्या 'पोस्टफिक्स@-' युनिटमध्ये? रोज सकाळी साहेबांचा फोन येतो हो!