मदत हवी आहे : कारखान्यातील रसायनांची सुरक्षाविषयक माहिती आसपासच्या रहिवाशांनी कशी मिळवावी?

नमस्कार. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ब घालण्यात आले आणि धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने तेथील धोक्यांची व आरोग्यावरील परिणामांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला, तसेच परिसरातील सर्वसामान्य जनतेलाही द्यावी, असे बंधन आले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी त्याला सेफ्टी डेटा शीटची, म्हणजे रसायनाचे धोके व घ्यावयाची काळजी सांगणाऱ्या माहितीपत्रकाची, जोड दिली. जनतेचा हा स्पष्ट उल्लेख मला फार मोलाचा वाटतो, कारण वायुगळती कारखान्याच्या कुंपणापाशी थांबत नाही.

मात्र राज्याच्या नियमांनुसार रहिवाशाने नेमके कोठे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. अर्ज थेट कारखान्याकडे करावा की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे? माहिती अधिकाराचा मार्ग घेतल्यास कलम ८ मधील व्यापारी गुपिताचा अपवाद आड येऊ शकतो; व्यापक जनहितासाठी अशी माहितीही उघड करता येते, अशी तरतूद त्याच कलमात असल्याने ती अर्जात कोणत्या शब्दांत मांडावी? ज्यांनी अशी शीट प्रत्यक्ष मिळवली आहे, त्यांनी आपल्या अर्जाचा मसुदा येथे दिल्यास मी आभारी राहीन.